दांडी

एल्होवोच्या दवाखान्यात डॉक्टर वेलिस्लावानं
जुन्या पावतीच्या पाठीवर दोन टोकं काढली,
मधे थोडीशी फट.
"केराआजी, निरोप इथून तिथं उडी मारतो.
पोचला, की झाडूवाला येतो,
फट झाडून घेतो पुढच्या निरोपासाठी.
तुमच्या माणसाच्या डोक्यात निरोपच थोडे उरलेत,
झाडूवाला मात्र होता तेवढाच कामसू.
ही गोळी त्याचा हात धरते.
एवढंच. बरं नाही करत."

कशाची, मी विचारलं.
"पाणथळीत एक पांढरं फूल येतं, खाली मान घालून..."
मला हसूच फुटलं.

मला सांगते ही पोर!
तुंजेचा पूर ओसरला की ॲशच्या रानात
घोटाभर चिखलात आम्ही सोळा बायका.
विळा जमिनीपासून चार बोटं वर,
खालच्या कांद्याला धक्का लागता कामा नये.
रसानं मनगटावर पुरळ.
एकदा गंमत म्हणून पान चावलं,
रात्रभर ओकत होते.

आणि खरेदी केंद्रावर, लांब दांडीच्या काट्यामागे, झाप्रियान.
कानावर पेन्सिल.
गोणी आकड्याला लावायचा, वजन सरकवायचा, ओरडायचा:
"केरा, एकोणीस!"
माझ्या पाठीला ठाऊक असायचं, एकवीस.
पाठ गोणी वाहते, वही नाही.
तरी त्याच्याशीच लग्न केलं.
दुसऱ्या कुणाच्या कानावर पेन्सिल नव्हती.

आधी त्याच्या चाव्या गेल्या.
मग शेजारचा मिल्को, नावासकट.
मग बटणं कुठून लावायला घ्यायची ते.
मार्चमध्ये एका सकाळी मला "बाई" म्हणाला,
उठून खुर्ची पुढे केली.
बावन्न वर्षांत कधी केली नव्हती.
मी बसले. काय करणार.

गोळीनं पहिले पंधरा दिवस मळमळ.
बादली धरताना वाटलं, हे मला ओळखीचं आहे.
मग स्वप्नं सुरू झाली. झोपेत बोलायचा,
नुसते आकडे. सतरा. बावीस. पुढची या.

सातव्या आठवड्यात मी मिरच्या भाजत होते.
धुरात येऊन उभा राहिला, डावा अंगठा पुढे करून,
काटा रुतलेलं पोर उभं राहतं तसा.
"केरा, एकवीस होते."
माझं नाव घेतलं आधी. मग चोरी.
"दांडीवर हा ठेवायचो. अलगद."
सगळ्यांना?
"सगळ्यांना. तुला जास्त. तू भांडायची नाहीस."

मापात पाप, आणि माझ्याच चुलीशी येऊन कबूल!
जरा थांबला असता तर विसरून सुटला होता,
फुकटात, कोऱ्या मनानं.
पण मीच कापलेली ती पानं,
त्यानंच कमी मोजलेली,
कुठल्या कारखान्यात उकळून, वाळून, पांढरी होऊन
इतक्या वर्षांनी त्याला ओढून आणतात साक्षीला.
मी मनातल्या मनात हिशेब केला.
दोन किलो, एका हंगामाच्या गोण्या.
बूट आले असते. लोकरीचं अस्तर असलेले.
मिरच्या करपल्या.

वेलिस्लावा म्हणते, वर्ष, फार तर दोन,
मग पारडं झुकायचं तिकडे झुकेल.
मला नको शिकवू, पोरी.
अंगठ्यानं दांडी किती वेळ दाबून धरता येते
हे आमच्या घरातलंच गणित.
फक्त या खेपेला अंगठा माझ्या बाजूनं आहे,
आणि लबाडी असली तरी
मी भांडणार नाही.

संध्याकाळची गोळी पावाच्या तुकड्यासोबत देते.
तो माझ्याकडे बघतो. ओळखतो की नाही, सांगता येत नाही.
"किती?" विचारतो.
"एकवीस."
मान हलवतो,
आणि पेन्सिल शोधत खिसे चाचपत राहतो.
कानावरच असते. मी सांगत नाही लगेच.